शिंपीचे माप

ती घटना आठवली की आजही हातातला चहा तसाच निवतो. गोवा तेव्हा पोर्तुगिजांकडे होता आणि मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

दसऱ्याची शस्त्रपूजा झाल्यावर एका निवृत्त सुभेदाराने दरवर्षीप्रमाणे अंगणात आपल्या परवान्याच्या रिव्हॉल्व्हरने हवेत बार काढला. त्यातली गोळ्यांची चक्रीच फुटली. तिचा तुकडा गळ्यात घुसून तो जागीच गेला.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याने सांगितले, "सायबानू, घराकडे भरतत त्या काडतुसांची दारू धाकट्या भावान गोव्यासून हाडून दिल्यान. दोघांचा माडांच्या बागेवरसून वाकडा आसा." सुभेदाराच्या बायकोनेही दिरावरच फिर्याद दिली. मी त्याला अटक केली. दारूचा डबा जप्त केला, तर त्यावरचा कागद खरवडलेला. माझा संशय पक्का झाला.

चौकशीत तो एवढेच म्हणाला, "जकातवाल्यांक कळू नये म्हणान विकणाऱ्यानच कागद काढल्यान." दारू कोणी भरली, असे विचारले की मान खाली. आम्हा पोलिसांत गप्प बसलेला माणूस निम्मा गुन्हेगारच धरतात. खुनाचे कलम लागले होते, प्रकरण फासापर्यंत जाणार होते.

मग मुंबईहून तज्ज्ञाचा अहवाल आला. दारू नेहमीची काळी नव्हती, बिनधुराची होती. तिचा जोर कितीतरी जास्त. कोणत्या काडतुसात ती किती घालायची, ते वजन कारखाना ठरवून देतो आणि काट्यावर तोलूनच ती भरायची असते. डब्यावर नाव नसेल, तर तिला हातच लावायचा नाही. इथे ती काळ्या दारूच्या मापाने भरली होती.

ते माप शोधायला मी सुभेदाराच्या घरी गेलो. काडतुसे कोण भरायचे, असे बाईंना विचारले.

"मीच. ह्येंचो हात कापता, दारू सांडता." त्यांनी फळीवरून तिसऱ्याची शिंपी, म्हणजे शिंपल्याची अर्धी वाटी, काढून माझ्यापुढे धरली. "ही सपाट भरून. दरवर्सा तसाच. नवी दारू म्हणान एक कण जास्त नाय घालूक."

मी ओटीवर बसलो. फिर्याद त्यांची होती, त्यामुळे सांगणे मलाच भाग होते. त्याच मापाने चक्री फुटली, हे सांगितले. त्यांनी शिंपी परत फळीवर ठेवली. मग म्हणाल्या, "भावोजींक ठावक होता?"

काडतुसे वहिनीच भरतात, हे त्याला ठाऊक होते. म्हणूनच तो तोंड उघडत नव्हता.

बाई माझ्याबरोबर ठाण्यात आल्या आणि दिराच्या कोठडीच्या गजांपुढे उभ्या राहिल्या. "माका कित्याक नाय सांगलात?"

तो म्हणाला, "सांगलंय असतंय तर दादा परत इलो असतो, वयनी?"

खुनाचे कलम निघाले. चोरट्या दारूचा खटला झाला तो झालाच. पुढच्या नोकरीत कोणी गप्प बसले की त्याने काय केले हे विचारण्याआधी, तो कोणाला वाचवतो आहे, हे मी शोधू लागलो.