दोन विजांची गाडी कोणी जाळली

गाडी कोणी जाळली, हे मला कधीच कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून कोणी विचारूच नये, अशा बेताने मी बरीच वर्षं बोलणं वळवत आलो. विषय त्या बाजूला सरकला की मी सगळ्यांसाठी चहा मागवायचो. माझी साखर वाढली ती त्यातून, असं डॉक्टरांना सांगायचं राहून गेलं आहे.

गाडी पत्र्याची होती. चार डब्यांची, मांडीवर मावेल एवढी. एवढ्याशा गाडीपायी एवढं गप्प राहायचं काय कारण, असं कोणाला वाटेल. मलाही कधीकधी वाटतं. मग ती बनवणारा डोळ्यांपुढे येतो.

तो वळसंगचा. जन्मभर त्याने रेल्वेचं डिझेल इंजिन चालवलं. मी मूळचा सोलापूरचा, पण माझी नोकरी मुंबईला, लोकलच्या कारशेडमध्ये विजेच्या कामावर झाली. निवृत्तीनंतर दोघांची घरं सोलापुरात एकाच गल्लीत आली, बुद्धविहाराच्या मागे. तो मला 'मुंबईकर' म्हणायचा आणि मी त्याला 'डिझेल'. आमची खरी नावं फक्त पोस्टमनला लागत.

संध्याकाळी विहाराच्या पायरीवर बसून भांडायचं, हा आमचा नेम.

"तुज्या गाडीला वरनं तारंचा टेकू लागतो," तो म्हणायचा. "माजं इंजिन शिदोरी संगं घिऊन चालतं."

"आणि धूर गावभर वाटतं."

"वाटतंच की. एकट्यानं खात न्हाय."

या थट्टेखाली एक काटा होता. सोलापूरकडच्या मार्गावर विजेच्या तारा आल्या, तेव्हा डिझेलवरच्या चालकांना विजेच्या इंजिनाचं शिक्षण घ्यायला पाठवू लागले. याची नोकरी थोडीच उरलेली. 'काकांना कशाला त्रास आता,' असं कोणीतरी म्हणालं, तेही मायेनेच, आणि याचं नाव मागे पडलं. शेवटचे दिवस त्याने तारांखालून डिझेल चालवलं. "वर वीज चालू, आन् खाली मी धूर सोडतोय," तो सांगायचा. "पोरांच्या वरातीत म्हातारं नाचावं तसं वाटायचं." शिकून आलेले दोघंतिघं आमच्याच गल्लीत राहत. ते हसत म्हणायचे, "काका, गाडीत बसा, पण कशाला हात लावू नका." तोही हसायचा. पण घरी जाताना पाय घासत जायचा.

एके दिवशी पायरीवर येऊन तो म्हणाला, "मुंबईकर, मला वीज शिकीव."

"आता कशाला?"

"जयंतीला विहाराच्या हॉलमदी पोरांचं परदर्शन आसतं न्हवं? तितं मी विजेची गाडी चालवनार. ह्या सगळ्यांच्या म्होरं."

"कुठली गाडी?"

"ती तुजी. दोन विजांची. ह्यांना एक वीज येते. मला दोन आल्या पायजेत."

ती माझी गाडी म्हणजे माझ्या नोकरीतला अभिमानाचा भाग होता, आणि तिच्या गोष्टी मीच त्याला ऐकवल्या होत्या. मुंबईच्या लोकल पूर्वी दीड हजार व्होल्टच्या विजेवर चालायच्या. बॅटरीतली असते तशी, एकाच दिशेने वाहणारी. बाकी देशात तारांमध्ये पंचवीस हजार व्होल्टची वीज आली, घरच्या बटणातली असते तशी, मागे-पुढे होणारी. मुंबईतही ती आणायचं ठरलं, पण सगळा मार्ग एकदम बदलता येत नाही. तुकड्या-तुकड्याने बदलावा लागतो. मग मधल्या काळात एकच गाडी दोन्ही विजांवर चालली पाहिजे. तशा गाड्या आल्या. दोन विजांच्या हद्दीवर तारेचा एक तुकडा कोरा ठेवायचा, त्यात वीजच नाही. गाडीने वीज घेणं बंद करून तिथून वेगात घरंगळत जायचं, आतली जोडणी बदलायची, आणि पलीकडे गेल्यावर नवी वीज घ्यायची.

हे मी त्याच्या घरी बसून कागदावर रेघा मारून समजावत होतो. त्याला काही ते उमगेना. मध्येच त्याचा चेहरा उजळला.

"आरं, ही तर आमची मंडळी," तो म्हणाला. वहिनींचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडे, कानडी मुलखात. "एसटीत बसली की सोलापुरातनं मराठीत बडबड. वळसंग आलं की गप. वळसंग सुटलं की कानडी सुरू. माजं गाव म्हंजे कोरी तार."

वहिनी आतून म्हणाल्या, "गप बसू नको तर काय करू? वळसंगच्या थांब्यावर तुमची आई उभी असायची की."

या हिशोबाने तो वीज झरझर शिकला. त्यानंतर मी जोडणी काढून दाखवली की तो विचारायचा, "ही मराठी का कानडी?"

गाडी त्याने तेलाच्या डब्याच्या पत्र्याची केली. तारेला टेकणारा दांडा सायकलच्या तारेचा, मोटर जुन्या टेपरेकॉर्डरची. लांब फळीवर रूळ टाकले आणि वर तांब्याची तार ओढली. तारेच्या अर्ध्या भागाला बॅटरी जोडली. उरलेल्या अर्ध्याला दारावरच्या घंटीचा ट्रान्सफॉर्मर, बॅटरीच्या दुप्पट व्होल्टचा. मध्ये वीतभर प्लास्टिकची पट्टी, ती कोरी तार. गाडीच्या टपावर एक छोटा स्विच. बॅटरीच्या बाजूला असला की वीज सरळ मोटरला, दुसऱ्या बाजूला असला की आधी आतल्या डायोडमधून सरळ होऊन, कमी होऊन मग मोटरला. मोटर तीच. एवढंच सगळं रहस्य.

त्याने एक नियम मात्र स्वतःचा घातला. गाडी दोघांनीच चालवायची. इंजिनात चालक सिग्नल दिसला की हात करून मोठ्याने सांगतो आणि सहायक तेच परत उच्चारतो, म्हणजे एकाची नजर चुकली तरी दुसऱ्याची चुकत नाही. ही सवय त्याच्या हाडात गेलेली. वहिनी आतून "दूध उतू चाललंय" म्हणाल्या तर हा बाहेरून हात करून "दूध उतू चाललंय" म्हणायचा, आणि जागचा हलायचा नाही.

"कोरी तार," तो फळीपाशी उभा राहून पुकारायचा.

"कोरी तार," मी कंटाळून म्हणायचो.

"स्विच बदल."

"स्विच बदलला."

गाडी पट्टीखाली थांबायची, तो बोटाने टपावरचा स्विच फिरवायचा, मग गाडीला मागून हळूच ढकलायचा आणि ती पुढे निघायची. त्या ढकलण्यावरून मी त्याला फार छळलं. "विजेची गाडी म्हणे, आणि बोटाने ढकलतोस. खरी गाडी आपल्या जोरावर जाते."

"खरी गाडी जड आसते. हिला वजन हाय का? ढकलली तर काय हिची आब्रू जाती व्हय?"

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी तो सात रस्त्याला वायर आणायला गेला. हॉलची किल्ली माझ्याकडे होती. आणि माझ्या डोक्यात किडा शिरला, की जोरात सोडली तर ही गाडी न ढकलता जाते की नाही ते बघू. जात असेल तर उद्या सगळ्यांसमोर मी दाखवीन. तो चालवेल, पण अखेरची करामत माझी. मनात नेमकं हेच होतं, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे.

शेवटच्या डब्यात मी दोन जाड नट ठेवले आणि गाडी सोडली. ती सुसाट आली, पट्टीखाली शिरली आणि बोटभरही न थांबता पलीकडे गेली. मी एकट्याने टाळी वाजवली.

टाळीतच गुणगुण ऐकू आली. मग जळक्या वार्निशचा वास. स्विच बॅटरीच्याच बाजूला होता. गाडी थांबली नाही, त्यामुळे तो फिरवायचा मला आठवला नाही, आणि पुकारून आठवण करायला तिथे कोणी नव्हतं. नोकरीत असताना नव्या मोटरमनना मी 'जोडणी बदलायला विसरू नका' हेच बजावत असे, आणि तेही जरा तोऱ्यात. पण आमच्या खऱ्या गाड्या शहाण्या. वर चुकीची वीज दिसली तर त्या ती घ्यायच्याच नाहीत. गाडीच्या त्या शहाणपणाला मी जन्मभर स्वतःचं समजत आलो होतो.

मी नट काढले, गाडी बॅटरीच्या बाजूला आणून ठेवली, खिडक्या उघडून वास घालवला आणि हॉलला कुलूप लावलं. संध्याकाळी तो वायर घेऊन आला, तेव्हा मी म्हणालो, "आज राहू दे, विश्रांती घे." सांगायची ती पहिली संधी होती. सात रस्त्यावर तशी मोटर मिळालीही असती.

दुसऱ्या दिवशी हॉल भरला. मुलं पुढे, बायका बाजूला, आणि मागे भिंतीला टेकून ते विजेवाले चालक. हा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आलेला. त्याने घसा साफ केला, हात पुढे केला आणि पुकारलं, "गाडी सुटली."

"गाडी सुटली," मी म्हणालो.

गाडी सुटली नाही.

त्याने तारा तपासल्या, बॅटरी तपासली. मागून कोणी म्हणालं, "डिझेल घाला, काका." सगळा हॉल हसला. त्याने टप उचलला, मोटर नाकाशी नेली आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. संशय असता तर बरं झालं असतं.

"मुंबईकर," तो हळू म्हणाला, "परवा स्विच मीच तसाच ठिवला आसंल काय रं?"

मी म्हणालो, "होतं असं. नवख्याच्या हातून होतं."

एवढ्यावर मी थांबलो नाही. माणूस घाबरला की फार बोलतो. मी लोकांकडे वळलो आणि स्विच बदलायला विसरलं तर मोटर कशी जळते, खऱ्या गाडीत तसं का होत नाही, हे समजावून सांगितलं. ओघवतं बोललो. टाळ्या पडल्या. सगळ्यात आधी टाळी त्याने वाजवली.

गाडी त्याने माळ्यावर टाकली. त्यानंतर गल्लीत कोणाचा फ्यूज गेला तरी तो म्हणायचा, "मुंबईकरला बोलवा. विजेतलं आपल्याला न्हाय येत." हे तो इतक्या सहज म्हणायचा की ऐकणारे हसायचे, आणि मी जाऊन फ्यूज बसवायचो. पायरीवरची भांडणंही बंद पडली. मी धुराचा विषय काढला तर तो मान हलवायचा आणि म्हणायचा, "व्हय, तुजं बराबर हाय." याच्यासारखी शिक्षा नाही.

सांगायचा प्रयत्न मी केला. एकदा पायरीवर धीर करून म्हणालो, "अरे, ती गाडी..."

"सोड की," तो म्हणाला. "मी चुकलो, पर तू चारचौघांत सांभाळून घेतलंस. दुसरा आसता तर हसला आसता."

आभार मानणाऱ्याला खरं कसं सांगायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मी चहा मागवला.

पुढे तो मुलाकडे टेंभुर्णीला राहायला गेला. मुलाचं तिथे हायवेला गॅरेज आहे. एसटीने जाताना मी वाक्यं जुळवत गेलो. मोडनिंबपर्यंत छान जुळली. दारात पोचलो तर तो बाजेवर, अंगाची एक बाजू गेलेली. ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. मला बघून तो डाव्या हाताने कसलीशी खूण करत राहिला आणि वहिनींनी तिचा अर्थ सांगितला, "जेवून जा म्हणतात."

मी जेवलो. तो अडवू शकत नव्हता, म्हणजे आता तर सांगणं सोपं होतं. पण जो उलट बोलू शकत नाही, त्याला सांगून मोकळं व्हायचं, हेही मला चोरीसारखंच वाटलं. की हेही मी शोधलेलं कारण, कोण जाणे. मी उसाबद्दल बोललो. गॅरेजमध्ये काम चांगलं आहे म्हणालो. निघताना त्याचा चांगला हात धरला, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भावजी, या की परत." मी येतो म्हणालो. परत गेलो तो त्याच्या पुण्यानुमोदनाला.

वहिनींना आणि मुलाला हे वाचायला मिळेल. ते रागावतील, तो त्यांचा हक्क आहे. गल्लीतल्या विजेवाल्यांनाही सांगतो, ते काम त्याला पूर्ण येत होतं. टेंभुर्णीच्या त्या बाजेपाशी मला एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढंही झालं नाही: डिझेल, तू काही विसरला नव्हतास. तू वायर आणायला गेलास तेव्हा गाडी मी चालवली, मी जाळली, आणि सगळ्यांसमोर तुला नवखा म्हणालो. माझं चुकलं. मला माफ कर.