पोचल्याचं कळवा

आमच्या शेजारच्या भाऊजींइतकी पोचण्याची काळजी करणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. सकाळी सूर्य उगवला तरी तो संध्याकाळी मावळतीला नीट पोचेपर्यंत यांच्या जिवाला चैन नसते. मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही हसत विचारलंत, "आजी, तुझ्या फोनवर पार्सल शोधायची इतकी ॲप्स कशाला? दुकान काढलंस की काय?" तेव्हा मी धड उत्तर दिलं नाही, कारण मी दमले होते. ती ॲप्स माझी नाहीत, भाऊजींची आहेत. त्यांच्या स्वतःच्या फोनमध्ये जागा उरली नव्हती. तिथे सगळीकडे सुप्रभात आणि गुलाबाची फुलं भरलेली होती. माझा फोन माझ्या कपाटासारखा, जिथल्या तिथे आणि निम्मा मोकळा. मोकळी जागा दिसली की तिथे माल ठेवायचा, ही त्यांची जन्माची सवय.

भाऊजी नात्याने आपले कुणी नव्हेत. तुमच्या आजोबांचे मित्र, आणि आपल्या अंगणाच्या भिंतीपलीकडे त्यांचं घर. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला वहिनी म्हणतात, आणि एवढ्या नात्यावर ते दिवसातून कितीही वेळा बेल वाजवू शकतात. आयुष्यभर रेल्वेच्या पार्सल ऑफिसात नोकरी केली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठलीही वस्तू समोर आली की आधी उचलून वजन बघायचं, मग कानाशी धरून हलवायची, आणि मगच ती काय आहे ते विचारायचं. तुमच्या बाबांचा जन्म झाला तेव्हा बाळाला हातावर घेऊन ते आधी म्हणाले, "तीन किलोला जरा कमी," आणि मग म्हणाले, "गोड हाय." कानाशी धरून हलवलं नाही, हे नशीब. सुतळी दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. रद्दी, छत्री, फाटकाची कडी, सगळं बांधलेलं असतं, आणि त्यांची गाठ देवाच्या बापाला सुटत नाही. एकदा त्यांनी आणलेला पेढ्यांचा पुडा उघडायला मला विळी घ्यावी लागली.

आणि पोचल्याचं कळलं पाहिजे. त्याशिवाय त्यांच्या लेखी जगात काहीच घडत नाही. भिंतीवरून माझ्या हातात आमटीची वाटी देतात, घरात जातात आणि फोन करतात.

"वहिनी, वाटी पोचली का?"

"भाऊजी, तुम्हीच तर आत्ता माझ्या हातात दिलीत."

"ते खरं हाय. पण पोचली का?"

"पोचली."

"मग ठेवतो."

यावर मी कितीदा चिडले आहे याला मोजदाद नाही. पण आजोबांना रुग्णवाहिकेतून पुण्याला नेलं, त्या दिवशी मोहोळ आलं आणि माझा फोन वाजला. "मोहोळ गेलं का, वहिनी?" मग टेंभुर्णीला वाजला, इंदापूरला वाजला, भिगवणला वाजला. दुसरं काही बोलायचे नाहीत, धीर वगैरे देण्यातले ते नव्हेत. नुसतं गावाचं नाव विचारायचे आणि "बरं" म्हणून ठेवायचे. त्या रस्त्यावर मला त्या फोनचाच आधार होता. म्हणून त्यानंतर मी त्यांच्यावर चिडते, पण फोन उचलते.

गंमत अशी, की हिंदुस्थानच्या कानाकोपऱ्यात पार्सलं पाठवलेला हा माणूस स्वतः कधी दौंडच्या पलीकडे गेला नाही. कारण विचारलं की एकच, पाणी. तुम्हाला ठाऊकच आहे, आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांआड येतं, आणि कधी येईल ते नळालाच माहीत. "मी गेलो आणि पाणी आलं तर?" लग्नाचं आमंत्रण असो, यात्रा असो, उत्तर हेच. त्यांची बायको, माझी जिवाची मैत्रीण, हसून म्हणायची, "यांना स्वर्गातनं बोलावणं आलं तरी हे म्हणणार, पाण्याचा दिवस सोडून या." ती गेली त्याला आता तीन वर्षं होतील. त्यांची एकुलती लेक लग्न होऊन आसामात असते, चहाच्या मळ्यावर. ती बोलावून बोलावून थकली. भाऊजी पाण्यावरून हटले नाहीत.

तर गेल्या महिन्यात या लेकीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं आणि ते तिकडेच झालं. आपल्याकडे बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी काही शिवत नाहीत. त्यामुळे बातमी आली तशी भाऊजी माझ्या दारात उभे, हातात बायकोचं इरकली लुगडं. वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं, काठ मात्र अजून लालभडक.

"वहिनी, याची कुंची शिवा. बारशाला पोचाय पायजे."

"भाऊजी, बारसं बाराव्या दिवशी. आसाम काय बार्शी आहे का, एसटीत टाकलं आणि संध्याकाळी मिळालं?"

त्यांनी लुगड्याची घडी केली. मग म्हणाले, "पोरीची आय न्हाय बारशाला. निदान लुगडं तरी पायजे की."

माझे डोळे आता बारीक शिवणाला साथ देत नाहीत, तरी त्याच दुपारी मशीन उघडलं. कपाळावर लाल काठ येईल अशी कुंची शिवली आणि उरलेल्या लुगड्याची दुपटी केली. पॅकिंग त्यांनी स्वतः केलं. खोका, त्यावर मांजरपाटाचं कापड, ते दाभणाने शिवलेलं, शिवणीवर लाख. नवी पेठेतल्या कुरिअरवाल्याने ते गाठोडं पाहिलं आणि विचारलं, "काका, यात देव हायत का?" मग त्याने छापलेली चिठ्ठी त्या कापडावर चिकटवली, आणि आम्ही रिक्षाने घरी आलो. इथून माझ्या फोनची दुर्दशा सुरू झाली.

पार्सल कुठे आहे ते दाखवणारं एक ॲप असतं, तसंच तेच काम करणारी दुसरीही पुष्कळ असतात, हे भाऊजींना कुणीतरी सांगितलं. एकाच्या शब्दावर भरवसा ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. माझं इंग्रजीत बी.ए. झालेलं, म्हणून निवड मी करायची. रोज दुपारी, माझ्या विश्रांतीच्या वेळी, ते खुर्ची ओढून बसायचे आणि एकेका ॲपची मुलाखत घ्यायचे. पहिल्यात एक छोटा ट्रक सारखा पळत असायचा. दोन दिवस तो पाहून ते म्हणाले, "याचा डायव्हर जेवतो कवा? हे खोटं हाय. दुसरं बी बघा." दुसऱ्यात ट्रक नव्हता, नुसतं 'वाटेत आहे' अशा अर्थाचं इंग्रजी यायचं.

"वाटेत म्हणजे कुटं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मग ह्यो काय शिकलाय?"

तिसरं उघडण्याआधीच माझ्या फोनमधली सगळी नावं बघायची परवानगी मागू लागलं. भाऊजी चष्मा काढून म्हणाले, "आपल्याला पार्सल पाठवायचंय, सोयरीक न्हाय करायची." चौथ्यात नकाशा होता आणि त्यावर एक निळा ठिपका. हे त्यांना आवडलं. पण एक दिवस तो ठिपका एका नदीच्या मधोमध जाऊन थांबला आणि तासभर हललाच नाही. भाऊजींना त्या दिवशी जेवण गेलं नाही. पाचवं पार्सल पोचण्याआधीच तुम्ही समाधानी आहात का, असं विचारायचं. "न्हाई म्हणून दाबा," ते म्हणाले. मी दाबलं. त्याने आभार मानले. कंटाळून मी म्हटलं, "भाऊजी, यातलं कुठलंही एक ठेवा आणि मला झोपू द्या." ते म्हणाले, "असं कसं वहिनी, पाच जणांनी एकच सांगितलं तर खरं धरायचं." पाचही जणांनी एकच काही सांगितल्याचं मला आठवत नाही. कोडग्यासारखी ती आलटून पालटून टुणटुण वाजत राहिली, स्वयंपाक करताना, पोथी वाचताना, न्हाणीघरात असताना.

आणि मग एका सकाळी ते घडलं. पाचही ॲप्स एका सुरात बोलली: आज घरपोच. भाऊजींनी आसामला फोन लावला. "आज दारात बस. येतंय." तिकडे लेक बाळाला घेऊन दारात बसली. बारसं अजून चार-पाच दिवसांवर होतं. भाऊजी मला म्हणाले, "बघा, पाचांचं एकमत." इतके खुशीत मी त्यांना मैत्रीण गेल्यापासून पाहिलं नव्हतं. नेमका पाण्याचा दिवस होता. आम्ही दोघं आपापल्या नळाला पाइप लावून भिंतीच्या दोन बाजूंना उभे होतो, तेवढ्यात त्यांच्या फाटकाशी मोटारसायकल थांबली.

"काका, पार्सल."

"माझं न्हाय. मी काय मागवलं न्हाय."

"तुमचंच हाय की. नाव बी तुमचं, पत्ता बी तुमचा. किती वेळा लिवलाय, बगा तरी."

मी भिंतीवरून डोकावले. मांजरपाट, दाभणाची शिवण, लाख. पाइप त्यांच्या हातातून सुटला आणि पाणी अंगणभर झालं. पार्सल ऑफिसात जन्मभर त्यांनी हरवलेला, बेवारस पडलेला माल पाहिलेला. ज्यावर पाठवणाऱ्याचं नाव मोठं, तोच परत येतो, असा तिथला अनुभव. म्हणून भाऊजींनी कापडाच्या पाच बाजूंना स्वतःचा पत्ता ठसठशीत काढला होता. लेकीचा पत्ता सहाव्या बाजूला, आणि नेमकी त्यावरच कुरिअरवाल्याने आपली चिठ्ठी चिकटवली होती. खरबरीत मांजरपाटावर चिठ्ठी काही टिकली नाही. जाताना अर्धा पत्ता सोलून घेऊन गेली. पुढे ज्याच्या हातात ते गाठोडं आलं, त्याने वाचता येणारा पत्ता वाचला. हरवलेला माल परत आला. त्यांची पद्धत अगदी बरोबर निघाली.

मला हसू आलं होतं, पण ते तोंडातच राहिलं. भाऊजी ओल्या अंगणात पायरीवर बसले होते, गाठोडं मांडीवर. वजन बघितलं नाही, हलवलं नाही. आतून फोन वाजत होता. लेक विचारत असणार, कुठे आहे म्हणून. त्यांनी उचलला नाही.

"वहिनी, परत टाकलं तर पोचंल का बारशाला?"

"नाही पोचणार, भाऊजी."

नळ वाहत होता. त्याकडे बघत ते म्हणाले, "पाण्याचं काय करायचं?"

तेव्हा मला कळलं, हा माणूस जायचं म्हणतोय. मी म्हटलं, "मी भरीन. किल्ली द्या."

जावयाने विमानाचं तिकीट काढतो म्हटलं, तर भाऊजी नको म्हणाले. विमानात सामान डोळ्याआड करतात. मग धावपळीने रेल्वेचं मिळालं; मनमाडला गाडी बदलायची आणि पुढे सरळ आसाम. स्टेशनवर मी सोडायला गेले. गाठोडं पोटाशी धरून ते खिडकीत बसले होते, पाचही बाजूंना स्वतःचं नाव लिहिलेलं. गाडी सुटण्याआधी त्यांनी माझा फोन मागितला आणि त्यात सहावं ॲप घातलं. गाडी कुठे आहे ते दाखवणारं.

त्या दिवसांत मी दुसरं काही केलं असेन तर आठवत नाही. दुपारी पडले तरी हात फोनकडे. जेऊर गेलं, दौंड गेलं. आयुष्यात पहिल्यांदा ते दौंडच्या पुढे सरकले आणि मी अंथरुणात उठून बसले. मनमाडला मी न राहवून फोन केला. "गाडी बदलली का, भाऊजी?" ते म्हणाले, "बदलली," आणि ठेवला. त्यापुढची नावं मला नीट वाचताही येत नव्हती. एकदा ठिपका बराच वेळ हलेना, तर मी देवापाशी दिवा लावला. इंग्रजी शिकून काही उपयोग नाही, हे तुम्हाला म्हणून सांगते.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी फोन आला. "वहिनी, माल सुस्थितीत पोचला. सही द्यायची ती झोपलीये." मग फोटो आला. एवढंसं तोंड, आणि कपाळावर माझ्या मैत्रिणीच्या लुगड्याचा लाल काठ.

भाऊजी अजून तिकडेच आहेत. पहिल्यांदा आठ दिवस म्हणाले, मग नातीच्या उष्टावणापर्यंत म्हणाले, परवा तारखेचं काही बोललेच नाहीत. पाण्याच्या दिवशी मी आधी त्यांच्याकडे भरते, मग आपल्याकडे. गुडघे दुखतात. भरून झालं की त्यांना कळवते. ते म्हणतात, "बरं." बेल वाजत नाही, दुपारची झोप पूर्ण मिळते, आणि ती इतकी मिळते की संध्याकाळी काय करावं कळत नाही. पाच ॲप्स मी आज काढून टाकली. फोन पुन्हा निम्मा मोकळा झाला. सहावं राहू दिलं आहे. परतीची गाडी असेल कधीतरी.

तुमची शेंगा चटणी आणि कडक भाकरी उद्या कुरिअरला टाकते आहे. पॅकिंग मीच केलं, त्यामुळे गाठ सुटेल. पोचली की कळवा. तिकडे तुम्हाला सगळं फोनवर दिसतं, हे मला माहीत आहे. तरी कळवा.