मावशी पहिल्यांदाच बिनकामाची चालली

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या वेटिंग हॉलमध्ये मी माझ्या मावशीशी चक्क भांडत होतो. "फक्त एक तास बाहेर चल," मी म्हणत होतो, आणि ती जागची हलत नव्हती.

मावशी नरखेडकडची, तिकडे त्यांची संत्र्याची बाग आहे. मावसाजींच्या पोटाचं ऑपरेशन झालं, मग छातीत इन्फेक्शन... आणि मुक्काम थेट आयसीयूत. नऊ दिवस मावशी वेटिंग हॉलमधल्या एकाच खुर्चीवर बसून होती. मी रोज डबा द्यायचो, "मावसाजी कसे आहेत?" विचारायचो आणि ऑफिसला पळायचो.

त्या रविवारी तिच्या पायांकडे लक्ष गेलं. इतके सुजले होते की चपलेत मावत नव्हते. मावसाजींची श्वासाची नळी आदल्या दिवशीच निघाली होती, धोका टळला होता. सिस्टर म्हणाल्या, "दादा, यांना जरा चालवून आणा. नाहीतर यांनाही ॲडमिट करावं लागेल."

"मी इथून हलली अन् यायले काही झालं त?" मावशीचं एवढंच. शेवटी तिचा मुलगा संदीप म्हणाला, "आई, मी बसतो ना इथं. तू जाय." तेव्हा कुठे ती उठली.

शहराच्या टोकाला एका तलावाकाठी निसर्ग उद्यान आहे. सपाट मातीची पायवाट, एका बाजूला बांबू, एका बाजूला पाणी. 'सोपा ट्रेल' असा बोर्डच लावलाय. म्हटलं, हेच बरं, आणि तिला स्कूटरवर मागे बसवून तिथे नेलं.

"हा रस्ता कुठं जाते गा?" मावशीने विचारलं.

"कुठंच नाही. वळसा घालून परत गेटवरच येतो."

"मंग चालाचं कायले?"

ही बाई जन्मभर चालली, पण विहिरीवर, बागेत, एसटीच्या फाट्यावर... डोक्यावर नाहीतर हातात काहीतरी घेऊन. आज हात रिकामे होते आणि ते कुठे ठेवावेत हेच तिला कळत नव्हतं. थोड्या वेळाने पाहतो तर ती वाटेवरच्या वाळलेल्या काड्या वेचत होती! चुलीसाठी. माझ्याकडे पाहून तिलाच लाज वाटली आणि तिने त्या हळूच खाली ठेवल्या.

मग चाल आपोआप मंदावली. पाण्यातल्या एका खुंटावर पाणकावळा पंख पसरून बसला होता. "पाह्य गा, धोतर वाळू घातल्यासारखा बसला," असं म्हणून ती हसली. नऊ दिवसांत पहिल्यांदा.

आणि नेमका तेव्हाच माझा फोन वाजला. संदीपचा.

मावशी वाटेतच खाली बसली. आम्ही गेटपासून सगळ्यात लांब होतो... कशाला आणलं हिला इथे, असं वाटलं. फोन स्पीकरवर टाकला.

"दादा, बाबांना आत्ता वॉर्डात आणलं. आईला विचारून राहिले." आणि मग एक घोगरा, ओळखू न येणारा आवाज... "कुठं गेली वं?"

"आलीच जी... आलीच मी."

"काय करून राहिली?"

चोरी पकडल्यासारखी ती म्हणाली, "काही नाही. चालून राहिली."

"कुठं?"

"कुठंच नाही."

मग मावसाजी हसले, हसता हसता खोकले. म्हणाले, "काय दिसते तिथं? सांग मले. मी नऊ दिवस सिलिंगच पाहिलं."

मग ती सांगत बसली. तलाव केवढा आहे, बांबू किती उंच, पाखरू कसं बसलंय... डोळे वाहत होते आणि सांगणं चालूच. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो.

शेवटी ती उठायला लागली तर मावसाजी म्हणाले, "पूरा चक्कर मारून ये. मी कुठं पळून राहिलो?"

तिने पूर्ण चक्कर मारली. अगदी सावकाश. गेटवर येऊन बाकावर बसली आणि मी आणलेला डबा सगळा संपवला.

मावसाजी आता घरी आहेत, बागेत जाऊन मजुरांवर ओरडण्याइतके बरे आहेत. मला मात्र अजून अपराधी वाटतं. नऊ दिवस मी रोज 'मावसाजी कसे आहेत' विचारलं... 'मावशी, तू कशी आहेस' एकदाही नाही.

आता धंतोलीत कुणी ओळखीचं ॲडमिट असलं की मी डब्यासोबत एक जादा हेल्मेटही नेतो. पेशंटजवळ बसणाऱ्यासाठी.