पिवळ्या कार्डाचं लॅमिनेशन

आमच्या घरात सगळ्यात जास्त शिक्षण वाळवीचं झालेलं होतं.

उमरीजवळच्या आमच्या गावी मातीच्या भिंतींचं दोन खणांचं घर होतं. कोनाड्यात एक पत्र्याची पेटी, आणि त्या पेटीत आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, सातवी पास झाल्याचा दाखला. एकदा आबांना तालुक्याच्या कचेरीतून शिपायाच्या जागेसाठी बोलावणं आलं. आबांनी धुतलेलं धोतर नेसलं, पेटीतून दाखला काढला, उघडून डोळ्यांसमोर धरला, तर त्यातून पलीकडं उभी असलेली माय दिसली! नाव शिल्लक होतं, गाव शिल्लक होतं, 'उत्तीर्ण' तेवढं वाळवीनं पचवलं होतं. तरी आबा तो कागद घेऊन गेले. खिडकीतल्या कारकुनानं तो उजेडाकडं धरला आणि विचारलं, "हे काय हाय? दाखला हाय का चाळणी?" आबा परत आले आणि पुढं जन्मभर त्यांनी उमरीच्या मोंढ्यात पोती उचलली.

म्हणून मी बी.ए. झालो (आमच्या खानदानातला पहिला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण कुणी विचारत नाही) तेव्हा आबांनी पेढे नंतर वाटले. आधी ते माझी पदवी घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले आणि लॅमिनेशन करून आणली. भिंतीला खिळा ठोकून ती टांगली आणि भिंतीकडं बघून वाळवीला म्हणाले, "आता खा म्हणावं!"

त्या दिवसापासून लॅमिनेशन हा आमच्या घरचा कुळाचार झाला. मी नांदेडला एका खाजगी शाळेत कारकून लागलो, सगळ्यांना शहरात घेऊन आलो आणि घरात येईल तो कागद प्लास्टिकमध्ये घालत सुटलो. जन्मदाखले झाले, रेशनकार्ड झालं, आमची लग्नपत्रिका झाली. गॅसचं पुस्तकही केलं. (त्यात पुढं सिलिंडरची नोंद करता येईना, ही तक्रार गॅसवाल्याची. माझी नव्हती.)

आता गजा. गजानन, माझा धाकटा भाऊ. दहावीला गणितात दोनदा गचकला आणि लातूरला एका मालकाच्या बोअरच्या गाडीवर मेकॅनिक म्हणून लागला. इंजिन नुसतं ऐकून त्याचं दुखणं सांगतो. पण त्याची सही! दर वेळी वेगळी. बँकेत त्याला ओळखतात ते तोंडावरून.

तो एके दिवशी लातूरहून आला आणि चहाची बशी खाली ठेवून म्हणाला, "दादा, मी घानाला चाललो."

"कुठं?"

"घाना. आफ्रिकेत, पश्चिमेच्या अंगाला. हैदराबादची एक कंपनी तिथं बोअर पाडून राह्यली. गाड्या दुरुस्त करायला माणूस पायजे त्यांना."

आबा कान देऊन ऐकत होते. "तिथं बी पाण्यासाठी बोअरच पाडायचं?"

"हाव."

"मंग परदेश कशाचा रे? लातूरच झालं की!"

माय म्हणाली, "तिथं ज्वारी भेटती का ते आधी विचार."

घरातला एकमेव पदवीधर या नात्यानं कागदपत्रांचं खातं मी ताब्यात घेतलं. पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक पाहिजे. कंपनीचं बोलावल्याचं पत्र पाहिजे. पोलिसांचा दाखला पाहिजे. फोटो पांढऱ्या पडद्यापुढं आणि न हसता पाहिजे. (गजाचे पहिले दोन फोटो यातच बाद झाले. फोटोवाला "हसू नका" म्हणाला की त्याला हसूच यायचं.) हे सगळं मी पार पाडलं आणि पासपोर्टमध्ये घानाचा व्हिसा लागून आला.

तो बघून मला राहवेना. मी पासपोर्ट घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या अन्वरभाईंच्या झेरॉक्स दुकानात गेलो.

"सर, ये मशीन में नहीं जाता. लई जाड हाय," अन्वरभाई म्हणाले.

"एकेक पान केलं तर?"

अन्वरभाईंनी पासपोर्ट माझ्या खिशात परत घातला आणि वरून खिसा थोपटला. त्यांचे उपकार मला त्या दिवशी कळले नाहीत.

राहिली होती फक्त लस. पिवळ्या तापाची लस टोचल्याचं कार्ड दाखवल्याशिवाय घानाच्या विमानतळावरून कुणाला आत सोडत नाहीत. व्हिसा असला तरी नाही! शिवाय लस टोचल्यापासून दहा दिवस गेल्यावरच ते कार्ड चालू होतं. आमच्याकडं ही लस मिळेना, म्हणून आम्ही दोघं रेल्वेनं हैदराबादच्या सरकारी केंद्रात गेलो. विमान शनिवारचं. हातात बारा दिवस. सगळं हिशेबात!

लस टोचली. शिक्का मारलेलं, घडीचं, पिवळंधमक कार्ड मिळालं. काउंटरवरच्या मॅडम गजाला म्हणाल्या, "यहाँ पे साइन करो." गजानं पेन उचलला आणि मी त्याचा हात धरला!

"थांब! पासपोर्टवर आहे तशीच सही झाली पाहिजे. तुझं काय, गचाळ काहीतरी करशील. घरी चल, वहीत दहा वेळा गिरव, मग कर."

"दादा, एक सही तर हाय."

"शिकलेला कोण आहे?"

गजानं पेन ठेवला. वाद तिथंच मिटला. माझ्या घरी सगळे वाद याच प्रश्नावर मिटतात. (मिटायचे.)

दुसऱ्या दिवशी गजा सामान आणायला लातूरला गेला आणि मी ते कार्ड घेऊन अन्वरभाईंकडं. कार्ड छान उघडून, सपाट करून त्यांच्यापुढं ठेवलं.

"सर, यात काही लिहायचं राह्यलं न्हाई ना?"

"अन्वरभाई, मी ग्रॅज्युएट आहे."

त्यांनी मशीनचं बटण दाबलं. मशीनमधून कार्ड गरमागरम, कडक, चकचकीत होऊन बाहेर आलं. आबांनी ते दोन्ही बाजूंनी ठोकून बघितलं आणि म्हणाले, "झ्याक!"

पुढचा गुरुवार उजाडला. विमानाला दोन दिवस राहिले होते. कंपनीच्या माणसानं सांगितलं, सगळ्या कागदांचे फोटो मोबाईलवर पाठवा. मी पाठवले. पाच मिनिटांत त्याचा फोन.

"कार्डावर धारकाची सही कुठाय?"

मी कार्ड बघितलं. सगळं होतं. नाव, पासपोर्ट नंबर, लसीचा शिक्का, डॉक्टरची सही. आणि मधोमध एक रिकामी रेघ, प्लास्टिकखाली कायमची सुरक्षित!

"आता करतो की," मी म्हणालो.

"अन् हे चमकतंय काय? लॅमिनेशन केलंय का तुम्ही? साहेब, तिथं पासपोर्टच्या आधी हे कार्ड बघतात. असं न्यायचं न्हाई. शनिवारी हा माणूस बसला न्हाई, तर दुसरा तयार हाय आमच्याकडं."

फोन बंद झाला. गजा आपल्या नव्या बॅगेवर बसला होता. लातूरच्या मालकाची नोकरी त्यानं सोडलेली होती.

मी बॉलपेन दिला. पेन प्लास्टिकवरून घसरला. जाड मार्करनं सही केली, ती मायच्या पदराला लागून पुसली गेली. मग माझी बायको सुरेखा म्हणाली, "अहो, गरम करून चिकटवलंय ना? मंग गरम केल्यावर सुटंल. इस्त्री फिरवू का?"

तर्क बिनतोड होता! इस्त्री तापवली, वर रुमाल टाकला, फिरवली. गजानं मेकॅनिकच्या सफाईनं एक कोपरा उचलला आणि अलगद सोलत आणलं. प्लास्टिक सुटलं हो! फक्त शिक्का प्लास्टिकबरोबर निघाला. डॉक्टरची सहीही फाटून अर्धी प्लास्टिकवर आणि अर्धी कागदावर राहिली.

कार्डाच्या तळाला बारीक इंग्रजी अक्षरं होती. घरात इंग्रजी वाचणारा मीच, म्हणून सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी वाचलं आणि पहिल्यांदाच वाटलं, आपण बी.ए. झालो नसतो तर बरं झालं असतं.

"काय लिव्हलंय?" आबांनी विचारलं.

"खाडाखोड केली, बदल केला, किंवा काही भरायचं राहिलं तर कार्ड बाद."

"इस्त्रीचं काय लिव्हलंय?" माय म्हणाली.

"इस्त्रीचं काही नाही लिहिलेलं, माय. असं कुणी करेल हे त्यांच्या ध्यानात आलं नसेल."

परत लस टोचावी, तर परत दहा दिवस. म्हणजे विमान गेलं, घाना गेलं, नोकरी गेली. आबा उठले, टोपी घातली. "चला हैदराबादला."

"आबा, तुम्ही कशाला?"

"मी साक्ष देतो, पोराला सुई टोचलेली म्हणून."

"तुम्ही बघितली का टोचताना?"

"दंड सुजलेला बघितला की!"

शुक्रवारी आम्ही तिघं त्याच काउंटरपुढं उभे होतो. गजाच्या हातात बॅग, माझ्या हातात कागद एका पिशवीत आणि प्लास्टिक दुसऱ्या पिशवीत. काउंटरवर त्याच मॅडम. त्यांनी कार्डाचे अवशेष चिमटीत धरले आणि नेमके उजेडाकडं नेले. मी आबांकडं बघितलं. आबांनी टोपी काढून हातात घेतली होती.

"ये क्या करे जी तुम?"

"लॅमिनेशन, मॅडम."

"कायकू?"

"वाळवी... दीमक लगती है ना, इसलिए."

"नांदेड से रोज लोगां आते यहाँ. ऐसा कोई नई करा आज तक!" त्यांनी कपाळाला हात लावला. मग एक कोरा कागद माझ्यापुढं सरकवला. "अर्जी लिखो. कारण बी लिखो."

शाळेत मी आजवर हजारो अर्ज तपासले असतील. 'कारण नीट लिहा' म्हणून किती पालकांना परत पाठवलंय, देवाला ठाऊक. तोच मी काउंटरला टेकून पाच मिनिटं पेन चावत राहिलो आणि शेवटी इंग्रजीत लिहिलं, की मोठ्या भावाने (बी.ए.) लॅमिनेशन केल्यामुळे. मॅडमनी वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "ये ब्रॅकेट काट दो. किसीको नई बताना अच्छा."

मग त्यांनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं. तारीख शोधली. बोट एकेका ओळीवरून खाली यायला लागलं. आम्हा तिघांचे श्वास त्या बोटाबरोबर खाली उतरत होते. एक पान झालं. दुसरं पान. बोट थांबलं.

"गजानन. पासपोर्ट नंबर बोलो."

गजानं तोंडपाठ नंबर म्हटला. (गणितात दोनदा नापास!)

"बराबर है. पुराने तारीख का डुप्लिकेट मिलता. फिर से टोचने का काम नई."

मी तिथंच बाकावर बसलो. आबा मात्र काउंटरच्या आणखी जवळ गेले, ते उघडं रजिस्टर या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितलं आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुमच्या वहीला वाळवी लागली न्हाई. लई उपकार झाले."

मॅडमना मराठी किती कळलं कोण जाणे, पण त्या पहिल्यांदा हसल्या. नवं कार्ड भरलं, शिक्का मारला, डॉक्टरची सही आणली आणि गजाच्या हातात पेन दिला. "पहले साइन." मी सवयीनं पुढं वाकलो. "आप हाथ नक्को लगाओ!"

गजानं सही केली. पासपोर्टवरच्या सारखी, हुबेहूब. एकदाही न गिरवता.

शनिवारी तो विमानात बसला. घानाच्या राजधानीत, अक्रात उतरल्यावर त्याचा फोन आला, "दादा, कार्ड बघितलं, सही बघितली, ठप्पा मारून सोडलं. अन् मायला सांग, ज्वारी भेटती इथं!" मी फोन ठेवला आणि आधी अन्वरभाईंना सांगून आलो, कारण कार्ड बाद झाल्याचं कळल्यापासून ते दुकानात नीट जेवले नव्हते.

आज गजा तिथं सहा बोअरच्या गाड्यांचा मुख्य मेकॅनिक आहे. आमच्या घरातून देशाबाहेर गेलेला पहिला माणूस. सोललेलं जुनं कार्ड आबांनी भिंतीवर टांगलंय, माझ्या पदवीच्या शेजारी. आल्यागेल्याला दोन्ही दाखवतात आणि म्हणतात, "माझा दाखला खायला वाळवीला तीन वर्षं लागली. ह्यानं भावाचं कार्ड एका मिनिटात संपवलं. शेवटी शिकलेला तो शिकलेलाच!"