भासऱ्यांची बांडगुळं

बांडगुळावर जीव टाकणारा माणूस अख्ख्या चंद्रपूर जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या घरात झाला. आमचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. वनखात्यात गार्ड होते तेव्हा सागवानावरची बांडगुळं तोडून घेणं ही त्यांची ड्यूटीच होती. ऐंशी सालानंतर रिटायर होऊन सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावी आले, आणि जन्मभर ज्यांना तोडलं त्यांचीच वकिली करू लागले. कुणी ऐतखाऊ माणसाला बांडगूळ म्हटलं की यांचं तोंड कडू व्हायचं. "त्याले हिरवी पानं आहेत. आपली भाकर आपणच रांधते, झाडाचं फक्त पाणी पेते," असं ते ऐकवायचे.

भासऱ्यांनी भावसुनेशी थेट बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. त्यामुळे मला सांगायचं ते सगळं ते गोठ्यातल्या गायीला सांगत आणि मी डोक्यावर पदर घेऊन चुलीपुढून ऐकत असे. उन्हाळ्यात जंगल उघडंबोडकं होतं तेव्हाही बांडगूळ हिरवं असतं, त्याच्या केशरी फुलांतल्या मधावर शिंजीर पाखरं जगतात, वानरं त्याचा पाला खातात, हळदीकुंकू नावाचं फुलपाखरू अंडी घालतं ते त्याच्याच पानावर. गाय रवंथ करत राहायची. मीही भाकरी थापत राहायचे.

एकदा पुतणीला बघायला राजुऱ्याची मंडळी आली. बोलता बोलता भासऱ्यांना बांडगुळाचं बी कसं पसरतं ते आठवलं. अंगठ्याएवढा एक पक्षी त्याचं फळ खातो, पण आतलं बी भलतंच चिकट. मागून बाहेर आलं तरी सुटत नाही. मग पक्षी फांदीवर बूड घासतो, बी तिथंच चिकटतं आणि रुजतं. एवढ्यावर थांबतील तर ते भासरे कसले? उठून त्यांनी बाकाच्या कडेवर सगळं साभिनय करून दाखवलं. मुलाच्या आईने चिवड्याची बशी खाली ठेवली. सोयरीक जुळली ती मुलगा पोट धरून हसला म्हणून.

पण परसातल्या आंब्याची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. जाऊबाईंनी, म्हणजे भासऱ्यांच्या बायकोने, माहेरच्या कोयीपासून वाढवलेलं ते झाड. त्यावर बांडगूळ इतकं माजलं की शेंडे वाळले, लोणच्यापुरत्या कैऱ्याही मिळेनात. भासरे कुणाला कोयता लावू देत नसत. एका संध्याकाळी जेवण वाढताना जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "तुमचं जंगल जगवा. पण माहा आंबा मरून राह्यला."

भासरे अर्ध्या जेवणावरून उठले. सकाळी माणूस बोलावूया म्हटलं तर नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी उजाडताच स्वतः कोयता घेऊन, धोतर खोचून, त्या वयात झाडावर चढले. जाऊबाई शेतावर निघून गेल्या, त्यांना ते बघवत नव्हतं. मी खाली पडलेला पाला गोळा करत होते. एकेक झुपका तोडताना वरून काही आवाज नाही, नुसता कोयत्याचा. शेवटी सगळ्यात मोठा झुपका उरला आणि कोयता थांबला. वरून ते म्हणाले, "बाई, त्यात घरटं दिसून राह्यलं का तुले?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण ते माझ्याशी थेट बोलले ते तेव्हा पहिल्यांदा. मी पदर सावरून वर पाहिलं. पानं होती, फुलं होती, घरटं काही नव्हतं.

"दिसते ना, भाऊजी," मी म्हटलं. "राहू द्या तेवढं."

ते खाली उतरले. पुढे आंबा सावरला, बरण्या भरल्या, आणि पाखराचं घर म्हणून जाऊबाईंनीही तो झुपका कधी तोडू दिला नाही.

भासरे जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांची फार आठवण येते. खोटं बोलून मी त्यांना फसवलं असं मला कितीतरी दिवस वाटायचं. मग एकदा ध्यानात आलं, ते तर त्याच फांदीवर बसले होते. घरटं नाही, हे त्यांना माझ्याआधी दिसलं होतं.