पत्त्यासकट गाऱ्हाणं

कोलकात्याला व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेत राणीचा मोठा पुतळा आहे, सिंहासनावर बसलेला. त्याच्यासमोर आमच्या धोंडूतात्यांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली, हात जोडले आणि राणीला गाऱ्हाणं घातलं.

"बाय गो म्हाराणी, वरच्या वाडीवरनं आलोय, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. तू गेलीस ते बरं झालं. पन तुझ्या लोकांनी रोवलेली हद्दीची दगडं आमच्या डोंगरात अजून उभी हायेत. आताचे सायबपन त्याच दगडांवर बोट ठेवतात नि आम्हाला जागा देत नायत. तेवढं बघ."

मागे आमच्या बसमधले महाड-पोलादपूरचे सगळे प्रवासी उभे होते. त्यांनी केवळ सवयीने, एका सुरात म्हटलं, "होय म्हाराजा." पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली.

मी पुतळ्यापासून चार हात लांब जाऊन उभी राहिले. जिच्या नावाने हा देश लुटला, आमचं जंगल कागदावर ओढून घेतलं, तिला हात जोडायचे? मी तात्यांना तिथेच सुनावलं. त्यांनी चपला घालत शांतपणे विचारलं, "जंगल कोनी नेलंन?" मी म्हटलं, हिच्याच सरकारने. "मग जिनं नेलंन तिलाच सांगायचं ना? तुला काय सांगू?"

धोंडूतात्या म्हणजे माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. अंगाने काटकुळे, आवाजाने मात्र दरीपलीकडच्या गुराला हाक ऐकू जाईल असे. वरच्या वाडीत देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे होता. गाऱ्हाणं म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मोठ्याने मांडलेलं म्हणणं. त्याला मागे उभ्या लोकांनी 'होय म्हाराजा' असं उत्तर द्यायचं. कोणाची म्हैस आटली, कोणाची सून रुसली, सगळं त्यात यायचं. पण तात्यांची खासियत अशी की आधी पत्ता. स्वतःच्याच गावातल्या, स्वतःच्याच देवाला ते तालुका-जिल्ह्यासकट पत्ता सांगत. मी एकदा म्हटलं, तात्या, देव इथलाच आहे. ते म्हणाले, "तो हितला हाय गो. पन मागनारे किती असतात! आपला कागद दुसऱ्याच्या ढिगात जायला नको."

तळीयेला दरड आली त्या पावसाळ्यानंतर आमच्या वाडीच्या डोक्यावरही डोंगराला भेग दिसली. आधी हात जाईल एवढी होती, पुढच्या पावसाळ्यात गुराचा पाय जाईल एवढी झाली. सरकारी माणसं आली, पाहून गेली, वाडी खाली रस्त्याकडेला न्या म्हणाली. जागा दाखवली. आणि मग तीच जागा वनखात्याच्या हद्दीत निघाली म्हणून फाईल अडकली. मी तेव्हापासून या कामात आहे. पत्रकं लिहिली, वाटली, तहसील कचेरीसमोर बसले. पण खरं सांगायचं तर अडचण फक्त कचेरीत नव्हती. वाडीतली माणसंच म्हणत होती, देवाचा कौल झाल्याशिवाय हलणार नाही.

कौल म्हणजे देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. माझ्या मते माणसांचा जीव पाकळीवर टांगणं हा गुन्हा आहे. तसं मी पत्रकात छापलंही. तात्यांनी ते पत्रक दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, "शिव्या झकास हायेत. मागनं कुठं हाय?"

आणि कौल लावायचा मान ज्यांचा, ते हेच तात्या तो लावत नव्हते. शिमगा होऊ दे, लावणी होऊ दे, गौरी जाऊ दे. तीन वर्षं! वर भेग वाढतेय आणि म्हातारा टाळतोय. मला त्यांचा भयंकर राग होता.

सहल सुरेशदादाने ठरवली होती. तात्यांचा हा मुलगा महाडला एमआयडीसीत कारखान्यात आहे. बापाला जगन्नाथपुरी दाखवायची त्याची इच्छा, पण ऐन वेळी रजा मिळाली नाही आणि त्याच्या जागेवर मी गेले. देवदर्शनाला नाही. तात्यांकडून कौलाचा शब्द घ्यायला. आठ दिवस म्हातारा बसमध्ये माझ्या शेजारी असणार होता, पळून जाणार कुठे?

पळाले नाहीत, पण हाताला लागले नाहीत. हावड्याच्या पुलावर बस आली तेव्हा मी विषय काढला. तात्या म्हणाले, पूल कधीचा? इंग्रजांच्या वेळचा, मी सांगितलं. त्यांनी खिडकी पूर्ण उघडली, धोतर खोचलं आणि पलीकडे पोचेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. नुसते तेच नाहीत, अख्खी बस गप्प होती. आमच्याकडचा इंग्रजांच्या वेळचा पूल एका पावसाळी रात्री एसट्यांसकट वाहून गेला, तेव्हापासून महाडकडच्या माणसांना जुन्या पुलाबद्दल काही सांगावं लागत नाही.

पुरीला पहाटे समुद्रावर नेलं, तिथे पुन्हा विषय काढला. समोर पाण्यातून सूर्य वर येत होता. तात्या अस्वस्थ झाले. "आपल्याकडं दिस पान्यात बुडतो, ह्यांच्याकडं पान्यातनं निघतो. म्हंजे मधला सगळा देस नुसता वाळत घातलाय." मग दिवसभर भेटेल त्याला हेच.

जगन्नाथाच्या देवळात गर्दी अशी की पाय टेकत नव्हते. त्यात तात्यांनी गाऱ्हाणं सुरू केलं. पंडा मागून रेटतोय, "आगे चलो बाबा, आगे चलो." तात्यांनी मागे न बघता त्याला हाताने थोपवलं. "थांब रे. अजून तालुक्यावर हाय, जिल्हा राहिलाय." जिल्हा त्यांनी दाराबाहेर पडता पडता ओरडून सांगितला.

मग कोनार्क. तात्या नारळ घेऊन उतरले. एवढं मोठं देऊळ, दगडाची चाकं, दगडाचे घोडे. ते बघत बघत पुढे गेले आणि वाटाड्याला विचारलं, देव कुठाय? मी हिंदीत सांगितलं. वाटाड्या म्हणाला, देव नाही. देऊळ ढासळायला लागलं तेव्हा लोकांनी मूर्ती पुरीला नेली, असं सांगतात.

तात्या तिथेच एका चाकाजवळ बसले. नारळ मांडीवर. मग मला म्हणाले, "त्याला इचार, नेताना कौल लावला होतान काय?"

मी विचारलं. वाटाड्याला कौल समजेना. शेवटी म्हणाला, देऊळ पडत होतं ताई, विचारायला वेळ कोणाला होता?

मला हवं ते अगदी समोर आलं होतं. मी म्हटलं, ऐकलंत? तुम्हाला तीन वर्षं वेळ होता. अजून काय बघताय, दरड यायची वाट? जरा जास्तच बोलले.

तात्यांनी टोपी काढली. त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं.

"वैशे, मी काय येडा हाय? भेगेत काठी घालून बघनारा पयला मी. मला खालीच जायचंय गो. पन मी इचारलं नि डावी पडली तर? देव एकदा नाय म्हनाला की त्या मान्सांना मी कसा हलवू? एकपन घर उठायचं नाय. म्हनून इचारतच नव्हतो."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले.

नारळ त्यांनी चाकापुढे फोडला आणि अर्धी वाटी वाटाड्याला दिली.

परत आलो. मी तहसील कचेरीसमोर पुन्हा उपोषणाला बसले, आणि शिमग्याच्या आधी फाईल सुटली. जागा मिळाली. तात्यांनी वाडीभर सांगितलं, "म्हाराणीनं काम केलंन." उपाशी मी राहिले, पोटात माझ्या कळा आल्या, आणि श्रेय व्हिक्टोरियाला! मी भांडले. ते म्हणाले, "बरं, तू तिची कारकून." हे मी अजून विसरलेले नाही.

आणि मग त्यांनी कौल लावला. सगळी वाडी देवळात. पाकळ्या चिकटवल्या. तात्यांनी पत्ता सांगितला, घरागणिक नावं घेतली, भेग सांगितली आणि म्हणाले, "बा देवा, आम्ही खाली चाललो. तू आमच्यासंगं येत असशील तर उजवी दे. मागनं येनार असशील तर डावी दे."

क्षणभर कोणाच्या काही ध्यानात आलं नाही. मग एक म्हातारी हसली, आणि सगळ्यांनी म्हटलं, "होय म्हाराजा."

डावी पडली. देव मागून येणार, एवढाच त्याचा अर्थ होता.

बाहेर आल्यावर मी त्यांना म्हटलं, ही लबाडी आहे. "लबाडी कसली? कोनार्कच्या लोकांनी तर इचारलंनपन नाय. मी इचारलं." वैशाखात वाडी खाली आली, पत्र्याच्या शेडमध्ये. देव वरच राहिला. तात्या दर सोमवारी चढून जात, दिवा लावून येत. त्या पावसाळ्यात दरड आली नाही. पुढच्याही नाही. पत्र्याखाली उकडलेली माणसं तात्यांना टोमणे मारू लागली, उगाच उतरवलंत म्हणून. तात्या म्हणत, "पडली नाय म्हनून डोंगरावर काय खटला भरू?"

गेल्या माघात ते आजारी पडले. मी भेटायला गेले तेव्हा खालच्या टाकीत पाणी यावं म्हणून लिहिलेलं नवं पत्रक त्यांना वाचून दाखवलं. पहिल्या ओळीत जाहीर निषेध होता. त्यांनी डोळे मिटूनच विचारलं, "मागनं कितव्या ओळीत हाय?" मी मोजलं. अकराव्या. "ते वर घे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "माझं एक राहिलं गो. मागनं ये म्हनलो त्याला, पन कुठं, ते सांगितलंच नाय. नवा पत्ता दे त्याला." चार दिवसांनी गेले.

मी देव मानत नाही. आजही नाही. कौलाबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि पत्रकही मागे घेतलेलं नाही. पण तेराव्यानंतरच्या सोमवारी मी वर गेले. घरांवरची कौलं माणसांनी काढून नेलेली, जोत्यांवर गवत. देवळात उभी राहिले आणि मोठ्याने सांगितलं: वरची वाडी, सध्या मुक्काम खाली, रस्त्याकडेला, पाण्याच्या रिकाम्या टाकीशेजारी, तालुका पोलादपूर, जिल्हा रायगड. ये, आणि टाकीचं तेवढं बघ.

मागे कोणीच नव्हतं. म्हणून ते उत्तरही मीच दिलं.