वसुधाबाईंचे तीन दिवस

मुलुंडच्या वसुधाबाईंना वाचनाचं वेड, आणि वाचायला महिन्यातून मिळायचे तीन दिवस. कसे, ते सांगतो. ज्यांना नाक मुरडायचंय त्यांनी खुशाल मुरडावं. साल एकोणीसशे छप्पन. बाईला कावळा शिवला की तिने तीन दिवस लांब बसायचं, कशाकशाला हात लावायचा नाही, हा तेव्हा घरोघरचा रिवाज. वसुधाबाईंची जागा मागच्या पडवीत. एक चटई, एक तांब्या आणि दोन्ही वेळा ताट सरकवून जाणाऱ्या सासूबाई. लग्नानंतर पहिल्यांदा तिथे बसल्या तेव्हा अपमानाने ढसाढसा रडल्या होत्या. रिवाज वाईटच, त्यात वाद नाही. पण दोन-चार महिन्यांत बाईंच्या लक्षात आलं, की या तीन दिवसांत आपल्याला कोणी हाक मारत नाही! पुढे लेक नीला शाळेत जाऊ लागली आणि वाचनालयातून गुपचूप पुस्तकं आणून देऊ लागली. सासूबाईंची चाहूल लागली की पुस्तक चटईखाली जायचं. अकरा वर्षांत बाईंनी तिथे कपाटभर कादंबऱ्या संपवल्या. बाकीचे सत्तावीस दिवस चूल, धुणं, निवडणं, पाहुणे.

यजमान जयवंतराव फोर्टातल्या कचेरीत हेडक्लार्क. सुधारणेवर बोलायला लागले की थांबवता थांबत नसत. एका संध्याकाळी टोपी खुंटीला लावता लावता त्यांनी बातमी दिली, "डेन्मार्कची एक विद्यार्थिनी येतेय आपल्याकडे. मैत्री मंडळातर्फे, तीन आठवडे. कारेन नाव तिचं. आणि हे बघ, ते पडवीत बसणं आता बंद. ती आपल्या घरावर लेख लिहिणार आहे, तिकडच्या कॉलेजच्या मासिकात. जगासमोर शोभा नको."

"आणि माझे देव?" सासूबाई आतून कडाडल्या.

"देवांना काही होत नाही, आई."

कारेन आली त्याच सकाळी सासूबाईंनी देव्हाऱ्यातले सगळे देव पितळी डब्यात घातले, डबा पदराखाली धरला आणि तडक घाटकोपरला लेकीकडे निघून गेल्या. आता घर एकट्या वसुधाबाईंच्या डोक्यावर.

कारेन पोर गुणी, उगीच खोटं का बोला. पाटावर मांडी घालताना दोनदा कलंडली आणि दोन्ही वेळा स्वतःच खदखदून हसली. पण होती सावलीसारखी मागे! बाई पीठ मळतायत, ही वही घेऊन हजर. बाई दळण आणायला निघाल्या, ही चप्पल घालून तयार. लिहायला मात्र तिने शोधून शोधून जागा काढली ती मागची पडवी. तीच चटई पसरायची आणि तासन् तास लिहीत बसायची. बाई दारातून बघायच्या आणि मागे फिरायच्या.

दुसऱ्या आठवड्यात बाईंचे दिवस आले. ओटीपोटात कळा, कमरेचे तुकडे, आणि समोर पुऱ्यांचं तेल तापलेलं, कारण कारेनला पुरी आवडते. डाळीच्या डब्यामागे अर्धी वाचलेली कादंबरी होती. तिच्यातली बाई हातात बॅग घेऊन उंबऱ्यात उभी होती. पुढे गेली की परत फिरली, देव जाणे. वसुधाबाईंना तेव्हा असं कोंडल्यासारखं झालं, की पुरीचा घाणा टाकून ओरडावंसं वाटलं. ओरडून सांगणार काय, कपाळ? मला विटाळशी बसवा म्हणून?

निघायच्या आदल्या दिवशी कारेनने लेखाचा इंग्रजी तर्जुमा दाखवला. जयवंतराव खुर्ची ओढून मराठीतून सांगू लागले. "बंबाचं पाणी... हातांनी जेवणं... हं, हे ऐक. 'मी येण्याआधी घाबरले होते, की इथे बायकांना कोंडून ठेवत असतील. या घरात तसं काही नाही. घरातली आई सगळीकडे मोकळी वावरते. तीन आठवड्यांत मी तिला एकदाही नुसतं बसलेलं पाहिलं नाही.'" शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवलं.

कारेनने निघताना बाईंना घट्ट मिठी मारली. बाईंनाही रडू आलं, पण मनात दुसरा हिशेब चालू होता. ही गेली, आता सासूबाई येतील, देव येतील, सगळं पहिल्यासारखं होईल.

सासूबाई आल्या. देव देव्हाऱ्यात बसले. दिवस आले तशी बाईंनी पडवीत चटई टाकली, तांब्या भरून ठेवला आणि कादंबरी उघडली. दोन पानं झाली असतील नसतील, सासूबाई दारात उभ्या.

"ऊठ गं वसुधा. तिकडे घाटकोपरला लेकीची सून कुठे लांब बसते? माझ्या देवांना काहीसुद्धा झालं नाही. आणि तीन तीन दिवस चुलीपुढे बसायला माझे गुडघे आता साथ देत नाहीत."

जयवंतराव आतून टाळीच वाजवायचे राहिले. "शाब्बास आई! ऊठ गं. सुटलीस एकदाची!"

बाई उठल्या नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी नवऱ्याकडे सरळ बघितलं. "अहो, मला ते तीन दिवस हवे आहेत."

"मग घे की," जयवंतराव मोकळं हसले. "कोण नको म्हणतंय? आधी चहा टाक."

बाईंनी पान दुमडलं, चटई गुंडाळली आणि चहाचं आधण ठेवलं.